चौथी खूण

रविवार, २८ डिसेंबर १९६९. शुशुनिया डोंगराचा पायथा, बांकुडा जिल्हा. हजर: शिकवणारे रणजितदा, पोहण्यात तयार झालेली इरा, माझी धाकटी नणंद कुंदा, आणखी सहा मुली, ज्यांची नावं इथं लागणार नाहीत, स्वयंपाकी हरिपद, आणि सामान सांभाळणारी मी. गैरहजर: कुंदाचा एक पायमोजा. तो हावडा स्टेशनवर राहिला.

कलकत्त्यात थंडी आली हे मला हवेवरून कधीच कळत नाही. आधी नाक्यावरचा मिठाईवाला खजुराच्या नव्या गुळाचे संदेश मांडतो. मग शेजारचे चौधुरीबाबू माकडटोपी घालून मासळीबाजारात निघतात, जणू तिथं बर्फ पडलाय. आणि मग गिर्यारोहण क्लबातून निरोप येतो, "बौदि, यादी करायला घ्या." बौदि म्हणजे वहिनी, इथं मी. त्या शिबिराला आता बरीच वर्षं झाली, पण यंदाही निरोप आला. भुयारी रेल्वेसाठी चौरंगीचा रस्ता खणून ठेवला आहे, त्यामुळे धर्मतल्ल्याला दोर आणि केरोसीनचे डबे आणायला जायचं म्हणजे फळ्यांवरून तोल सांभाळत जायचं. त्या फळ्यांवरून चालताना मला शुशुनियाच आठवतो. हाताशी धरायला काही नाही आणि मागचा माणूस म्हणतोय, चला, चला.

मी पुण्याची. सह्याद्री उशाशी असून लग्नापर्यंत दोर फक्त विहिरीवर पाहिलेला. डोंगर चढायचा दोर पाहिला तो कलकत्त्यात, जिथं नजर जाईल तिथवर जमीन सपाट आहे. सासरचं घर तीन पिढ्यांपासून भवानीपूरचं. घरात मराठी, पण धाकट्या मंडळींची मराठी अशी की कुंदा पाणी पीत नाही, बंगाल्यांसारखं पाणी 'खाते'. ती शाळेत भूगोल शिकवायची. एका रविवारी मैत्रिणीबरोबर क्लबात गेली आणि परत येऊन म्हणाली, "वहिनी, मला कातळावर चढायचंय." सासूबाईंनी दळण निवडता निवडता निर्णय दिला, "जायचं तर वहिनीला घेऊन जा." माझं गिर्यारोहण असं सुरू झालं. दुसऱ्याच रविवारी क्लबाच्या एका पोत्यात दोर आणि केरोसीनचा स्टोव्ह एकत्र भरलेला दिसला. दोराला वास येत होता. मी पोतं रिकामं केलं, आणि तेव्हापासून सामान माझ्याकडे आहे.

सराव चालायचा पलीकडे हावड्यात, गंगेकाठच्या एका पडक्या गोदामाच्या भिंतीवर. विटांमधला चुना झडून खाचा पडलेल्या. मुली त्या भिंतीला 'आमचा हिमालय' म्हणत. कुणी भावाची पँट आखूड करून आणलेली, कुणी सलवारीचे पाय सुतळीनं बांधलेले, पायात कॅनव्हासचे बूट. फेरीबोटीतून उतरणारी माणसं थांबून बघत. एकदा एका काकांनी खूप वेळ पाहून मला विचारलं होतं, "या चोर पकडायला शिकतायत, की चोरी करायला?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

रणजितदा कलकत्त्यातल्या डलहौसी चौकात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि मापावर गाढ विश्वास. वसंतात मुलींची एक तुकडी हिमालयात जायची होती. एक सोडून बाकीच्या जागा आधी जाऊन आलेल्या मुलींनी भरल्या होत्या. त्या एका जागेसाठी शुशुनियाच्या शिबिरात निवड व्हायची होती, आणि त्याआधी त्यांनी सगळ्यांची मापं घेतली. भिंतीला पाठ लावून उंची. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत लांबी. आडव्या लोखंडी दांड्याला लोंबकळायचं आणि हात सुटेपर्यंत मोजायचं. वजनासाठी काटा नव्हता, म्हणून शेजारच्या तांदळाच्या वखारीत सगळ्यांना पोत्यांच्या तराजूत बसवलं. कुंदा बसल्यावर वखारवाला मला म्हणाला, "दीदी, हिच्याऐवजी अर्धं पोतं घेऊन जा. निदान शिजेल तरी."

उंचीत इरा पहिली, हाताच्या लांबीत इरा, लोंबकळण्यात इरा. तिचे खांदे पोहून पोहून कपाटासारखे झाले होते. कुंदा उंचीत शेवटची, लांबीत शेवटची. दांड्याला मात्र ती बराच वेळ टिकली. रणजितदांनी ते 'वजन नाही म्हणून' असं म्हणून सोडून दिलं. मला तेव्हाही वाटलं होतं की वजन नाही हीसुद्धा काहीतरी असण्यातलीच गोष्ट आहे. बोटांना उचलायचं असतं ते आपलंच ओझं. ते कमी असेल तर बारीक बोटंही पुरतात. पण टेप माझ्या हातात होती, मत विचारलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात कुंदाचं माप दुसऱ्यांदा निघत होतं. पहिलं निघालं नोव्हेंबरात. नागपूरची मंडळी बघायला आली होती. मुलाच्या आईनं चहा संपवला, उठली, कुंदाला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. "फोटोत एवढी लहान वाटली नव्हती हो," ती सासूबाईंना म्हणाली. ट्रे घेऊन आत आल्यावर कुंदा माझ्या कानाशी पुटपुटली, "वहिनी, त्यांना सून नको होती, शिडी पाहिजे होती." हसलो दोघी. नंतर बराच वेळ ती मोरीत कपबशा धूत राहिली. कपबशा होत्या मोजक्याच.

शुशुनियाची सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. झऱ्याचं पाणी बोटं बधिर करणारं. पलाशाची झाडं निष्पर्ण. कातळ रात्रभर गारठलेला, त्याला गाल लावला तर दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटायचं. खालच्या वस्तीत दगडाच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या छिन्न्यांचा आवाज उजाडताच सुरू व्हायचा. आमच्या मुली चढायच्या तेव्हा खालून ती ठक ठक चालू असायची, आणि कुणी घसरली की योगायोगानं थांबायची. हरिपद म्हणायचा, "पोरी बघायला थांबतात मेले, आणि म्हणतात धार लावतोय."

शिकवण्याची पद्धत अशी होती. रणजितदा आदल्या दिवशी स्वतः कातळावर चढत आणि जिथं हाताची पकड घ्यायची तिथं चुन्याचा ठिपका देत. चुन्याचं भांडं कमरेला बांधलेलं, ते मीच भरून दिलेलं. मुलींनी ठिपक्यामागून ठिपका हात लावत वर जायचं. वरून दोर असायचा, त्यामुळे घसरलं तरी फक्त लोंबकळायचं. नवशिक्यांना हे सोपं पडे. शोधायला नको, ठिपका दिसतोय तिथं हात घाला. निवडीची परीक्षाही तशीच. सगळे ठिपके क्रमानं लावून वर पोचायचं.

इरा गेली ती जिना चढावा तशी. लांब हात, वर ओढ, पुन्हा हात. वर पोचली तेव्हा हाताच्या शिरा फुगल्या होत्या, पण पोचली.

मग कुंदा. पहिली खूण, दुसरी, तिसरी. चौथीशी तिचा हात चांगला वीतभर कमी पडला. टाचा उचलल्या, तरी नाही. उडी मारली, दोराला लोंबकळली. परत आली, परत उडी, परत लोंबकळली. मग ती थांबली. चेहरा कातळाला इतका जवळ की तिला चौथी खूण दिसतच नसावी. डावीकडे कातळाला सुरकुत्यांसारख्या बारीक कडा होत्या, करंगळी टेकेल एवढ्या. तिनं गुडघा छातीपर्यंत वर घेतला, जसा आमच्या स्वयंपाकघरात विळीशी बसताना घेतो तसा, आणि त्या सुरकुतीवर बुटाचं टोक ठेवून उभी राहिली. हातानं तिनं ओढ घेतलीच नाही. पायावर उभी राहत राहत, डावीकडून वळसा घालून, ती वर जाऊन बसली. तिथूनच ओरडली, "वहिनी, पाणी खायचंय!"

रणजितदांनी खालून सांगितलं, "चौथी खूण राहिली."

"पण मी वर आहे."

"खूण राहिली ना, कुंदा."

"रणजितदा, डोंगर खुणा बघतो का?"

"परीक्षा बघते."

ते दुष्ट नव्हते. उलट फार न्यायी होते, सगळ्यांना एकच नियम लावणारे. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं कठीण होतं.

जेवायला खिचडी होती. कुंदा ताटलीत चमच्यानं रेघा ओढत बसली. मला म्हणाली, "पडले असते तर चाललं असतं. वर पोचून नापास म्हणजे काय ते मला कळत नाही." ती रडली नाही. आवाज अगदी सपाट होता. नागपूरकर गेल्यावर होता तसाच. मी वाढायचं पातेलं घेऊन रणजितदांकडे गेले.

"रणजितदा, चुना लावता तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"दोरावर."

"आणि ठिपका कुठं देता?"

"हात पोचेल तिथं."

"कुणाचा?"

त्यांनी घास ताटलीत परत ठेवला. मग म्हणाले, "बौदि, खूण कुणाच्या तरी हातानंच होणार ना?"

"होणार. मग उद्या एकदा कुंदाच्या हातानं होऊ दे. चढा तुम्ही."

मुली ओरडल्याच. इरा सगळ्यात मोठ्यांदा. हरिपदनं सकाळी वस्तीवरून गेरू आणला. तिथल्या घरांच्या भिंती गेरूनं इतक्या सुरेख रंगवलेल्या असतात की आमच्या वाटीभर गेरूचं कुणाला काहीच वाटलं नाही. कुंदानं आपल्या वाटेनं चढत लाल ठिपके दिले. जवळ जवळ, खूपसे, काही तर गव्हाच्या दाण्याएवढ्या कडेवर.

रणजितदांनी पहिल्या लाल ठिपक्याला हात घातला तोच त्यांचं एक बोट टेकलं आणि बाकीची हवेत राहिली. पायाला जागा सापडली तर गुडघा हनुवटीला लागे. एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत घडी करून ठेवायचा म्हणजे ट्रंकेत तंबू भरण्यासारखं. ते कुरकुरले, घसरले, लोंबकळले, आणि दोरावर हळूहळू गोल फिरू लागले. खालून हरिपद म्हणाला, "दादाबाबू, काल खिचडी जास्त झाली." छिन्न्यांचा आवाज खरोखरच थांबला होता.

ते खाली उतरले, मग इरा चढली. तीही तिसऱ्या लाल ठिपक्याशी अडली. "हे पाय ठेवू कुठं मी? खांद्यावर टाकू?" ती वरून ओरडली.

रणजितदांनी हात झटकले, पण ते चिडले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "पांढऱ्या खुणांवर मी इराला पास केलं, लालवर कुंदाला करावं लागेल. दोन्हीत परीक्षा माझ्या आणि कुंदाच्या हाताचीच झाली. डोंगराच्या मागच्या बाजूला एक कातळ आहे. तिथं अजून माझा चुना लागलेला नाही. उद्या दोघी तिथं. ज्या वाटेनं जमेल त्या वाटेनं. एकेक संधी."

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला ऊन नव्हतं. कातळ ओलसर आणि काळा. खालचा भाग भेगांचा, मधला सरळ गुळगुळीत, आणि त्याच्या वर हाताला येईल अशी चांगली कड. इरा भेगांत धडपडली, तिची बोटं भेगेत शिरत नव्हती. पण मध्यावर आली, पाय जमेल तिथं टेकवला, हात लांब केला, आणि कड धरली. वर गेली.

कुंदा भेगांतून पाण्यासारखी गेली. तिची निमुळती बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जात होती. मधल्या भागाशी आली आणि थांबली. वरची कड तिच्या बोटांपासून वीतभर दूर. तिनं डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. सुरकुती नाही, खळगा नाही, दाण्याएवढंही काही नाही. दोर रणजितदांच्या हातात होता आणि त्यांचे ओठ हलत होते, ते काय म्हणत होते कुणास ठाऊक. कुंदाची पोटरी थरथरायला लागली. तिनं एकदा कपाळ कातळाला टेकवलं. मग म्हणाली, "सोडा," आणि खाली आली.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिनं घटाघट पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "वहिनी, इथं मला दगडानं अडवलं. परवा चुन्यानं अडवलं होतं." आवाज सपाट नव्हता. दमलेला होता, पण तिचा होता.

इरा तिच्याशेजारी येऊन बसली. "परवा चौथी खूण सोडून जावं हे माझ्या डोक्यातच आलं नसतं," ती म्हणाली.

"आज माझा हात आला नाही. फिटाफिट." कुंदानं तिचा एक मोजा मागून घेतला. इराकडे जादा जोडी होती.

वसंतात इरा गेली. शिखर झालं नाही, हवा बिघडली. ती सांगायची की वर एवढ्या उंचीवर लांब हातांचा काही उपयोग झाला नाही, बोटांचाही नाही. तिथं श्वास लागतो, आणि तो आम्ही गोदामाच्या भिंतीशी मोजलाच नव्हता. पुढल्या वर्षी कुंदा गेली. तिला श्वासाचा त्रास झाला नाही, पण पाठीवरचं ओझं तिच्या वजनाला फार होतं. अंगात आहे ते कुठं उपयोगी पडतं आणि कुठं आड येतं, याचा मी बराच विचार केला आहे, कारण क्लबातली नवी मंडळी मलाच विचारतात, "बौदि, चांगली चढणारी मुलगी ओळखायची कशी?" मी यादी करून पाहिली. लांब हात, लिहिलं आणि कुंदा आठवली. हलकं वजन, लिहिलं आणि कुंदाचीच पाठीवरची पिशवी आठवली. लवचीक सांधे, बळकट बोटं, थंड डोकं. प्रत्येक गुणापुढे एक मुलगी उभी राहते, जिच्यात ते नव्हतं आणि जी चढली. मी आता उत्तर देते, आधी कातळ दाखवा.

लग्न कुंदाचं झालं, चांगल्या उंच माणसाशी. तो वरच्या फळीवरचे डबे काढून देतो. नसला तर ती काढते, ओट्यावर गुडघा ठेवून, आणि तिचं ते काढणं बघायला त्याला आवडतं. मुलींचं हिवाळी शिबिर आता तीच घेते. खुणा करत नाही. मुलींना कातळासमोर बसवते आणि चहा संपेपर्यंत नुसतं बघायला लावते. 'तुमची वाट सापडली की उठा.' वेळ लागतो. काही मुली चिडतात, आणि काहींचे पालक मला येऊन सांगतात की पूर्वीचं शिक्षण शिस्तीचं होतं.

जुन्या कातळाचं मात्र एक काम राहिलं. गेरू पहिल्याच पावसात गेला. चुनाही गेला असता, पण रणजितदांची रांचीला बदली झाली त्या वर्षी क्लबातल्या कुणीतरी 'खुणा ताज्या करणे' हे काम मनावर घेतलं आणि पांढरे ठिपके ऑइलपेंटनं पक्के केले. ते अजून आहेत. ते घासून काढायचे म्हणून कुंदा दर हिवाळ्यात सांगते, "वहिनी, ब्रश घे." एका वर्षी ब्रश घेतला, तो फलाटावरच राहिला. एका वर्षी ब्रश पोचला, पण टर्पेंटाइन हरिपदनं चूल पेटवायला वापरलं आणि वर मला विचारलं, "बौदि, यंदाचं केरोसीन कुठल्या दुकानाचं? झटकन पेटतं." एका वर्षी बंदमुळे शिबिरच झालं नाही.

गेल्या हिवाळ्यात कुंदा दुसऱ्या बाजूला मुलींना शिकवत होती आणि मी झऱ्याशी भांडी मोजत होते. कलकत्त्याच्या बेहाला भागातली एक बुटकी मुलगी एकटीच जुन्या कातळाशी गेली. मी वर पाहिलं तेव्हा ती तिसऱ्या ठिपक्यावर एक हात ठेवून चौथ्याकडे दुसरा ताणून उभी होती. जमिनीपासून फार वर नव्हती. खूप वेळ तशीच राहिली. मग उतरली, हात धुवायला झऱ्यावर आली आणि मला काही विचारलं नसताना म्हणाली, "माझे हातच आखूड आहेत, मासी."

मी तिला डावीकडच्या सुरकुत्या दाखवायला नेलं. तिनं पाहिल्या, मान डोलावली, पण नजर पुन्हा पुन्हा त्या पांढऱ्या ठिपक्याकडे जात होती.

यंदा शिबिर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. दोर तपासून झाले. तंबूच्या खुंट्या, तांदूळ, डाळ, केरोसीन, मलमपट्टी, जादा मोजे तयार आहेत. टर्पेंटाइनची बाटली वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी चिकटवून, हरिपदच्या हाती लागणार नाही अशी. तारेचा ब्रश धर्मतल्ल्याच्या दुकानात संपला होता. फळ्यांवरून परत आले. उद्या पुन्हा जायचं आहे.